सापाचे विष, घोड्याचे रक्त आणि शेतमजुराचा पाय

(शेतमजूर व विज्ञान-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी आजच्या विषयाला ‘एका विषसंशोधकाचे जीवनकार्य’ असे साधे नाव दिले आहे. हा संशोधक ब्राझील देशाचा. त्याचे नाव डॉ. व्हितल ब्राझील. लुई पाश्चर आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. रॉबर्ट कॉख, एडवर्ड जेन्नर हेही परिचयाचे आहेत. परंतु ज्याच्या कामाचा संबंध आपल्या शेतमजुराच्या जीवाशी दर पावसाळ्यात येतो, त्या माणसाचे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा आढळत नाही. युरोपात जे घडते तेच विज्ञान, उरलेल्या जगाने ते फक्त वापरायचे, अशी जी समजूत आपल्या शिक्षणाने रुजवली आहे तिचाच हा परिणाम असावा.

विषय किती निकडीचा आहे हे आधी सांगतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या देशव्यापी पाहणीतून निघाला. म्हणजे सरासरीने वर्षाला अठ्ठावन्न हजार. यांत जवळजवळ निम्मे लोक तीस ते एकोणसत्तर वर्षांचे, म्हणजे घर चालवणारे. चौथा हिस्सा पंधरा वर्षांखालील मुलांचा. निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले आणि बहुतेक सर्व खेड्यांतले. मेलेल्यांपैकी बहुसंख्य रुग्णालयात पोहोचलेच नव्हते, हे त्याआधीच्या पाहणीत दिसून आले होते. दुसरीकडे ब्राझीलमध्ये वर्षाला सुमारे तीस हजार सर्पदंशांची नोंद होते आणि मृत्यू होतात शे-दीडशे. दोन्ही देशांची लोकसंख्या वेगळी, सापही वेगळे, हे मान्य. तरीही एवढी तफावत केवळ सापांच्या स्वभावामुळे पडत नाही. ती कशामुळे पडते हे या डॉक्टरच्या चरित्रातून बरेच उलगडते, म्हणून मी ते निवडले.

व्हितल ब्राझील यांचा जन्म २८ एप्रिल १८६५ रोजी मिनास जेराइस प्रांतातील कांपान्या या गावी झाला. वडिलांचा एक छंद असा की ते मुलांना घराण्याच्या आडनावाऐवजी गावाची आणि प्रांताची नावे देत. या मुलाचे पूर्ण नाव ठेवले व्हितल ब्राझील मिनेइरो दा कांपान्या. त्या दिवशीचा संत व्हितल, देश ब्राझील, प्रांत मिनास, गाव कांपान्या! घराण्याच्या नावावर मिरवणाऱ्या जमीनदारांच्या देशात हा एक लहानसा बंडखोरपणाच म्हणायचा. घरची स्थिती बेताची होती. पोटासाठी मिळेल ते काम करीत त्यांनी रिओ द जानेरो येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे केले आणि १८९१ साली ते पदवीधर झाले.

त्या वेळचा ब्राझील कसा होता? गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ साली, म्हणजे हे डॉक्टर होण्याच्या अवघी तीन वर्षे आधी. साओ पावलो प्रांतात कॉफीचे मळे जंगल तोडीत पश्चिमेकडे सरकत होते, त्यांच्यामागून लोहमार्ग चालला होता, आणि मळ्यांवर राबायला कालपरवा मुक्त झालेले कृष्णवर्णी मजूर व इटलीहून आलेले भुकेले शेतकरी असे दुहेरी मनुष्यबळ होते. जंगल तोडले की साप उघड्यावर येतो. त्या उघड्यावर आलेल्या सापासमोर अनवाणी पाय असतो तो मजुराचा. मळ्याचा मालक घोड्यावर बसलेला असतो. काही वर्षांच्या सरकारी नोकरीनंतर बोटुकातु या गावी दवाखाना थाटलेल्या तरुण डॉक्टरकडे असे दंश झालेले लोक येऊ लागले. त्यांच्यापाशी देण्यासारखे काहीही औषध नव्हते.

झाडपाल्याची औषधे मात्र गावोगाव होती. डॉक्टरांनी ती थट्टेवारी नेली नाहीत, ही गोष्ट मला विशेष वाटते. लोक ज्या वनस्पतींवर विश्वास ठेवीत त्या त्यांनी मिळवल्या, साप पाळले, विष काढले आणि प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले. उपयोग झाला नाही. लोकांचे ज्ञान तपासण्याच्या योग्यतेचे मानणे आणि तपासल्यावर जे निघेल ते निःसंकोच सांगणे, ही दोन्ही कामे त्यांनी केली. आपल्याकडे आजही एक पक्ष पहिले टाळतो आणि दुसरा पक्ष दुसरे. मांत्रिकाच्या दारात जाणाऱ्याची आपण टर उडवतो; परंतु जवळचे आरोग्य केंद्र रात्री बंद असते म्हणून तो तिथे जातो, हे सोयीस्करपणे विसरतो.

याच सुमारास फ्रान्सहून बातमी आली. बी.सी.जी. लशीमुळे ज्यांचे नाव पुढे जगभर झाले ते अल्बेर काल्मेत १८९१ पासून सायगावला पाश्चर संस्थेच्या शाखेत काम करीत होते. तेथे पुराच्या वेळी नाग गावात शिरून माणसे दगावली आणि काल्मेत यांचे लक्ष सर्पविषाकडे वळले. १८९४ साली काल्मेत यांनी आणि स्वतंत्रपणे पॅरिसमध्ये फिझालिक्स व बर्त्राँ यांनी असे दाखवले की, प्राण्याला विषाची अल्प मात्रा वाढवत वाढवत दिली तर त्याच्या रक्तात विषाला निकामी करणारे द्रव्य तयार होते, आणि ते रक्तद्रव दुसऱ्या प्राण्याला दिले तर तोही वाचतो. काल्मेत यांची धारणा अशी की, नागाच्या विषावर केलेले हे रक्तद्रव सर्वच सापांच्या विषावर चालेल. एक कारखाना, एक औषध, सारे जग ग्राहक! कल्पना मोठी आकर्षक होती. साम्राज्याच्या काळातील विचारालाही ती चांगलीच मानवणारी होती.

व्हितल ब्राझील १८९७ साली बोटुकातु सोडून साओ पावलोच्या जंतुशास्त्र संस्थेत अडोल्फो लुत्झ यांच्या हाताखाली दाखल झाले. आणि येथे त्यांच्या कथेचा धागा आपल्या मुंबईशी येऊन मिळतो. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. हीच पुढे १९२५ पासून हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली. तीच साथ जहाजांबरोबर समुद्र ओलांडून १८९९ साली ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरली. तपासणीसाठी जे गेले त्यांत व्हितल ब्राझील होते. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि ते त्यातून वाचले. प्लेगवरचे रक्तद्रव युरोपातून पुरेसे येईना, तेव्हा सरकारने ते देशातच करायचे ठरवले. प्लेगचे जंतू शहरात नकोत म्हणून शहराबाहेरचे बुतांतान नावाचे एक शेत विकत घेतले. तेथल्या गोठ्यातच प्रयोगशाळा मांडली. १९०१ मध्ये संस्थेची रीतसर स्थापना झाली आणि व्हितल ब्राझील तिचे पहिले संचालक झाले. परळ आणि बुतांतान, दोन्ही संस्था एकाच साथीच्या पोटी जन्मल्या आणि दोन्हींनी पुढे सर्पविषावरचे औषध केले. मुंबईतील फार थोड्या लोकांना हे नाते ठाऊक असेल.

बुतांतानमध्ये या डॉक्टरने जे सिद्ध केले ते शब्दांत लहान आहे, परिणामांत मोठे. ब्राझीलमध्ये प्रामुख्याने दोन जातींचे विषारी साप माणसाला चावतात. एक जराराका, दुसरा शेपटीला खुळखुळा असलेला कास्काव्हेल. जराराकाच्या विषाने चावलेली जागा सुजते, रक्त गोठेनासे होते, मांस सडते. कास्काव्हेलच्या विषाने मज्जातंतूंवर व स्नायूंवर आघात होतो, पापण्या मिटतात, मूत्रपिंड निकामी होते. काल्मेत यांचे युरोपातून आलेले रक्तद्रव या दोहोंपैकी कोणत्याच विषावर चालले नाही. एवढेच नव्हे, तर जराराकाच्या विषावर तयार केलेले रक्तद्रव कास्काव्हेलच्या विषापुढे हतबल ठरले आणि उलटही तसेच. विष ज्या सापाचे, प्रतिविष त्याच सापाचे. १९०१ सालीच त्यांनी दोन्ही सापांवर वेगवेगळी आणि दोहोंवर मिळून एक अशी रक्तद्रवे लोकांना उपलब्ध करून दिली.

हाच निष्कर्ष विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत जॉर्ज लॅम्ब यांच्या कामातूनही पुढे आला. नागावरचे रक्तद्रव घोणशीच्या विषावर चालत नाही, हे त्यांनी दाखवले. मग आपण ब्राझीलच्या मागे का राहिलो? शोध लावण्यात आपण मागे नव्हतो. शोधानंतर जे करायचे असते त्यात फरक पडला.

आता हे प्रतिविष तयार कसे होते ते थोडक्यात सांगतो, कारण पुढचे सारे अर्थकारण त्या प्रक्रियेत दडलेले आहे. साप पकडून त्याचे दात काचेच्या भांड्यावर ताणलेल्या पातळ पडद्यात रुतवतात आणि विष गोळा करतात. ते वाळवून साठवतात. मग घोड्याला त्याची अगदी क्षुल्लक मात्रा टोचतात, काही दिवसांनी थोडी अधिक, असे आठवड्यांमागून आठवडे. घोड्याचे शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. नंतर त्याचे रक्त ठरावीक प्रमाणात काढतात. आधुनिक पद्धतीत तांबड्या पेशी घोड्याला परत देतात आणि फक्त रक्तद्रव ठेवतात. ते पेप्सिन या पाचक द्रव्याने तोडून, शुद्ध करून, गोठवून वाळवतात आणि कुप्यांत भरतात. जैवतंत्रज्ञान हा शब्द रूढ होण्याच्या कितीतरी आधीपासून हा जिवंत कारखाना चालू आहे आणि त्यातील कामगार चार पायांचा आहे. त्याच्या रक्तक्षयाची, चाऱ्याची, विश्रांतीची काळजी न घेणारा कारखाना माणसाच्या औषधाबाबतही प्रामाणिक राहील, असा भरवसा मला वाटत नाही.

भारतीय कुपीचे प्रमाण ठरलेले आहे. दर मिलिलिटरने नागाचे व घोणशीचे ०.६ मिलिग्रॅम आणि मण्यार व फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निकामी झाले पाहिजे. एका कुपीत दहा मिलिलिटर. लक्षणे दिसू लागलेल्या रुग्णाला सुरुवातीलाच आठ ते दहा कुप्या द्याव्या लागतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. आरोग्य केंद्रात दोन-चार कुप्या ठेवून ‘औषध उपलब्ध आहे’ असा अहवाल पाठवणाऱ्यांनी हे गणित एकदा करून पाहावे.

घोड्यांना टोचायला विष हवे, विषाला साप हवेत, तेही हजारोंनी, आणि ज्या मुलखातले दंश त्या मुलखातले. एका प्रयोगशाळेतील चार माणसे ते कोठून आणणार? येथे व्हितल ब्राझील यांनी जी युक्ती योजली ती मला त्यांच्या शोधाइतकीच मोठी वाटते. त्यांनी शेतकऱ्यांना आवाहन केले की जिवंत साप पाठवा, त्याच्या बदल्यात आम्ही प्रतिविष आणि टोचण्याची सुई देऊ. साप पकडण्याचा फासा व पेटी संस्थेकडून मिळे आणि ती पेटी रेल्वे विनामूल्य वाहून आणी. कॉफी बंदराकडे नेण्यासाठी घातलेला लोहमार्ग अशा रीतीने सापाच्या पेट्याही वाहू लागला. त्यामुळे औषध शहरातील औषधाच्या दुकानात न थांबता थेट मळ्यावर पोहोचले, आणि मळ्यावरचा माणूस त्या औषधाच्या निर्मितीत भागीदार झाला.

याच्याशेजारी आपल्याकडचे इंग्रजी राज्य ठेवून पाहा. सर जोसेफ फेअरर यांनी हिंदुस्थानातील विषारी सापांवर १८७२ साली मोठा सचित्र ग्रंथ काढला, विषाचा अभ्यास केला. परंतु सरकारचा मुख्य उपाय होता तो साप मारणाऱ्याला बक्षीस देण्याचा. रत्नागिरी जिल्ह्यात १८६२ साली बक्षिसाची रक्कम वाढवली, तेव्हा अवघ्या आठ दिवसांत लाखावर मेलेली फुरशी सरकारजमा झाली! पैसा वाटला गेला, फुरशी राहिली ती राहिलीच. कोकणात आजही पायवाटेवर भेटतात. मेलेल्या सापाला पैसा देणारे सरकार आणि जिवंत सापाला औषध देणारे सरकार, या दोन रीतींत प्रजेकडे पाहण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

बुतांतानच्या या देवघेवीत आणखी एक गोष्ट होती. प्रतिविषाबरोबर एक छापील पत्रक जात असे. कोणाला दंश झाला, कोठे, कोणत्या सापाचा, किती वेळाने औषध दिले, काय झाले, हे त्यात भरून परत पाठवायचे. हजारो अशी पत्रके गोळा झाली. त्यांतून दिसले की बहुसंख्य दंश गुडघ्याच्या खाली, पावलावर व पोटरीवर झालेले असतात. म्हणजे घोटा आणि नडगी झाकणारा बूट घातला तर पुष्कळसे दंश होणारच नाहीत. डॉक्टरांनी हे व्याख्यानांतून, लेखांतून आणि १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकातून वारंवार सांगितले. वाक्य साधे आहे, पण बूट विकत कोणी घ्यायचा? अनवाणी मजुराला ‘बूट घाल’ असे सांगणे म्हणजे उपाशी माणसाला ‘दूध पी’ असे सांगण्यासारखे. भातलावणीच्या चिखलात बाई दिवसभर वाकून उभी असते. उसाच्या फडात तोडणीला पहाटे अंधारात सुरुवात होते. तेथे गमबूट आणि विजेरी हा मजुरीच्या कराराचा भाग असायला हवा. आपल्या संघटनांच्या मागणीपत्रकांत दरवाढ असते, ती असलीच पाहिजे. बूट मात्र मी क्वचितच पाहिला.

व्हितल ब्राझील यांच्या नावाचा परदेशात गाजावाजा झाला तो १९१६ साली. ते एका शास्त्रीय परिषदेसाठी अमेरिकेत गेले असता न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयातील एका सर्पपालकाला खुळखुळ्या सापाने दंश केला. तेथील उपचार चालेनात, माणूस मरणाच्या दारी होता. या पाहुण्याने बरोबर आणलेले बुतांतानचे प्रतिविष दिले आणि तो वाचला. धनाढ्य देशाच्या सर्वांत मोठ्या शहरात साओ पावलोच्या शेतातील घोड्याच्या रक्ताने माणूस वाचतो, ही बातमी वृत्तपत्रांनी चवीने छापली. तंत्रज्ञान नेहमी उत्तरेकडून दक्षिणेकडेच वाहते असे मानणाऱ्यांनी ही घटना ध्यानात ठेवावी.

सरकारशी त्यांचे सदैव जमले असे नाही. १९१९ मध्ये मतभेद होऊन त्यांनी बुतांतान सोडले आणि रिओसमोरच्या नितेरॉय शहरात नवी संस्था उभी केली. १९२४ मध्ये ते पुन्हा बुतांतानला आले, तीनेक वर्षे राहिले आणि परत नितेरॉयला गेले. विंचू आणि कोळी यांच्या विषावरही त्यांनी काम केले. ८ मे १९५० रोजी ते वारले. नितेरॉयची संस्था त्यांच्याच नावाने आज रिओ राज्य सरकारच्या मालकीची आहे.

त्याच जराराकाच्या विषातून एक वेगळीच कहाणीही घडली. १९४९ साली मॉरिसिओ रोशा ए सिल्व्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साओ पावलो येथे जराराकाचे विष रक्तात मिसळून पाहताना ब्रॅडिकिनिन हे द्रव्य शोधून काढले. ते रक्तवाहिन्या रुंदावते आणि रक्तदाब उतरवते. त्यांचे शिष्य सर्जिओ फरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवले की त्याच विषात या द्रव्याचा परिणाम वाढवणारे घटक असतात. फरेरा ते घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथून धागा अमेरिकेतील स्क्विब कंपनीकडे गेला. कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी त्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध घडवले आणि १९८१ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. तुमच्यापैकी ज्यांना रक्तदाबाचा विकार आहे त्यांपैकी काहीजण आज त्याच कुळातील गोळी घेत असतील. कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांचे काम खरोखर कुशल होते, ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु साप ब्राझीलचा, पहिली दोन पावले ब्राझीलच्या सार्वजनिक संस्थांतील लोकांची, आणि एकस्व कंपनीचे. जेथे रोगी गरीब आहे तेथे विषाचे काम सरकारी शेतावर चालले. जेथे रोगी श्रीमंत आहे तेथे तेच विष बाजारात गेले.

सार्वजनिक मालकी एकदा मिळाली म्हणजे कायमची टिकते असेही नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी ब्राझीलला प्रतिविषाचा मोठा वाटा एका खासगी परदेशी कंपनीकडून मिळत होता. सरकारने औषधाच्या गुणवत्तेचे नियम कडक करायला घेतले, तेव्हा त्या कंपनीने उत्पादनच थांबवले आणि देशात तुटवडा पडला. लोकांत संताप उसळला. तेव्हा सरकारने सार्वजनिक संस्थांची उत्पादनक्षमता वाढवण्याचा कार्यक्रम घेतला आणि १९८६ पासून देशव्यापी सर्पदंश-नियंत्रण योजना सुरू केली. तिचे सूत्र असे की, प्रतिविष सार्वजनिक संस्थांनी करायचे, आरोग्य मंत्रालयाने ते सारे विकत घ्यायचे, रुग्णाला फुकट द्यायचे आणि प्रत्येक दंशाची नोंद सक्तीची. मघाशी सांगितलेला शे-दीडशेचा आकडा येथून येतो. लष्करी हुकूमशाहीतून देश नुकताच बाहेर पडत होता, हेही लक्षात घ्या. लोकमताला पुन्हा वजन येऊ लागले होते.

उलट आफ्रिकेत काय झाले? तेथील दहा जातींच्या सापांवर चालणारे एक नामांकित प्रतिविष सानोफी ही फ्रेंच कंपनी करीत असे. गिऱ्हाईक गरीब, नफा कमी, म्हणून २०१४ मध्ये तिने उत्पादन बंद केले आणि शेवटच्या साठ्याची मुदत जून २०१६ मध्ये संपली. कंपनीने कोणताही कायदा मोडला नाही. मोडण्याची गरजच नव्हती. त्यानंतर २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या वरच्या वर्गात घेतले.

आता आपल्याकडे येऊ. भारत प्रतिविषाचा मोठा उत्पादक आहे. कंपन्या आहेत, घोडे आहेत. मात्र या घोड्यांना टोचले जाणारे विष प्रायः एकाच ठिकाणाहून येते. चेन्नईजवळ इरुळा आदिवासींची सर्पपकड सहकारी संस्था १९७८ साली स्थापन झाली. सापाच्या कातड्याचा व्यापार बंद झाल्यावर उपासमारीला लागलेल्या या जमातीला साप जिवंत पकडून, विष काढून, पुन्हा सोडून देण्याचा धंदा मिळाला. सहकाराच्या इतिहासात या संस्थेचे नाव मानाने घेतले पाहिजे. दोन इरुळा सर्पतज्ज्ञांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. दोष त्यांचा नाही. दोष असा की, तमिळनाडूच्या दोन-तीन जिल्ह्यांतील सापांच्या विषावर केलेले औषध आपण पंजाब, राजस्थान, आसाम आणि कोकण येथे सारखेच वापरतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कार्तिक सुनगर आणि सहकाऱ्यांनी २०१९ पासून प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून दिसले की, एकाच जातीच्या सापाचेही विष प्रदेशाप्रदेशाने बदलते. ईशान्येकडील एक-चकती नाग, राजस्थानातील सिंध मण्यार यांच्यासारख्या सापांवर आजचे औषध फार अपुरे पडते. व्हितल ब्राझील यांनी १९०१ साली, आणि लॅम्ब यांनी परळला, जे सांगितले तेच हे, थोड्या अधिक बारकाईने. शंभर वर्षांनीही आपण काल्मेत यांच्या ‘एक औषध सर्वांना’ या कल्पनेवरच देश चालवतो आहोत.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर साधने नाहीत असे नाही. हाफकिनची औषधनिर्मिती १९७५ पासून स्वतंत्र सरकारी महामंडळाकडे आहे आणि पिंपरीला घोड्यांच्या रक्तद्रवाचे काम चालत आले आहे. गावात बसून विषाचे विज्ञान पुढे नेणारे लोकही आपल्यात आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनी कोकणातील लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग दाखवला. त्यांची पहिली निरीक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापली गेली आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बोटुकातुच्या डॉक्टरचाच हा मराठी भाऊबंद! फरक एवढाच की बोटुकातुच्या डॉक्टरला त्याच्या सरकारने एक शेत, एक गोठा आणि एक रेल्वे दिली. आपल्या घोणशीचे, फुरशाचे विष येथेच गोळा करणारे अधिकृत केंद्र, त्यावर पिंपरीत तयार झालेले आणि तपासलेले औषध, ही मागणी अशक्यप्राय नाही.

यावर कोणी म्हणेल की घोड्यांचा जमाना संपत आला. ते काही अंशी खरे आहे. २०२४ साली अमेरिकेतील व बंगळूरच्या शास्त्रज्ञांनी मिळून नाग-मण्यार कुळातील विषांच्या एका मोठ्या गटाला निकामी करणारे, प्रयोगशाळेत घडवलेले प्रतिपिंड जाहीर केले. २०२५ च्या आरंभी संगणकाने नव्याने रचलेल्या प्रथिनांनी त्याच गटातील विषे अडवता येतात असे उंदरांवर दिसले. त्याच वर्षी, स्वतःला वर्षानुवर्षे विष टोचून घेणाऱ्या एका अमेरिकी माणसाच्या रक्तातून मिळालेल्या प्रतिपिंडांचे मिश्रण अनेक सापांच्या विषावर उंदरांमध्ये चालले. हे सारे आनंदाने स्वीकारावे असेच आहे. घोड्याच्या प्रथिनामुळे रुग्णाला येणारी धोक्याची प्रतिक्रिया त्यामुळे टळेल आणि घोड्याचीही सुटका होईल. परंतु घोडा सरकारच्या तबेल्यात बांधता येतो. प्रतिपिंडाची रचना एकस्वाच्या कागदात बांधली जाते. कॅप्टोप्रिलची कहाणी मी उगाच सांगितली नाही. सार्वजनिक पैशाने चाललेल्या संशोधनात आपली संस्था भागीदार असेल, तर त्या औषधाच्या किमतीवर आपला शब्द आजच, कागद होण्याआधीच, नोंदवला गेला पाहिजे.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणायचे, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्यांना कळवण्यात आले की प्रत्येक सर्पदंशाची नोंद सक्तीची करा. बुतांतानचे छापील पत्रक अशा रीतीने सव्वाशे वर्षांनी आपल्या दारी येत आहे. ते खरेच भरले जाते की नाही हे पाहणे तुम्हा-आम्हाला करता येईल. पावसाळ्याआधी आपल्या तालुक्यातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. कुप्या किती आहेत, त्यांची मुदत केव्हा संपते, रात्री डॉक्टर कोण असतो, हे लिहून घ्या. पावसाळा संपल्यावर गावोगाव विचारून घरी दगावलेल्यांची नावे, चावलेली जागा, पायात काय होते, दवाखाना किती मैलांवर होता, हे दुसऱ्या वहीत लिहा. दोन्ही वह्या घेऊन दिवाळीनंतर जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे जायचे आहे. कोण कोणत्या गावाची जबाबदारी घेतो, ते चहानंतर येथेच ठरवू.